वास येतो म्हणतात

"दवाखान्याची फरशी पुसून बोळा पिळावा, तसलं पाणी आहे हे," असं कुणीतरी अगदी उजव्या कानाशी पुटपुटलं आणि दुभाषीनं मान न वळवताच ओळखलं की समोरची काकू आली. तिच्या दारासमोर काकूचं दार, म्हणून ती समोरची. गल्लीतल्या बाकीच्यांना नुसतीच काकू. शाळेच्या फाटकाजवळच्या नळावर त्या वेळी पाणीबाई काचेची नळी धरून वाकली होती. पाणीबाई म्हणजे मदतसंस्थेची इंजिनियर. ती परदेशातली, तिचं खरं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून बायकांनीच हे नाव ठेवून दिलेलं. तिनं मान वर करून विचारलं, काय म्हणतात? दुभाषीनं सवयीनं सांगून टाकलं, वास येतो म्हणतात. सांगता सांगता तिची नजर काकूच्या तोंडाकडे गेली. नाक लाल, डोळे पाणावलेले, हातातला रुमाल चिंब. पडशानं काकूचं नाक असं चोंदलं होतं की त्या घडीला नाकाखाली रॉकेलचा डबा धरला असता तरी तिला पत्ता लागला नसता. आणि ती म्हणत होती, वास येतो.

गोष्ट म्हटली तर एवढीच. माणसं सवयीनं बोलतात. सर्दी झालेलं माणूसही जेवायला बसलं की मीठ कमी आहे म्हणतं. पण जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि खाली अजून एक पायरी निघावी, तसं दुभाषीला झालं. मागची बाई म्हणाली, येतोच. तिच्या मागची म्हणाली, कालच्यापेक्षा जास्त. शाळेतल्या हजेरीसारखं ते रांगेतून मागे मागे गेलं, आणि मग ती सगळी रांग कॅन आणि बादल्या खणखणवत नळाला वळसा घालून फाटकाच्या आत टँकरपाशी जाऊन उभी राहिली. यातल्या प्रत्येकीच्या घरात नळ होता. त्या नळाला सकाळ-संध्याकाळ पाणी येत होतं. स्वतःच्या घरातल्या नळासमोरून रिकामी बादली घेऊन निघायचं, गल्ली ओलांडायची, उन्हात उभं राहायचं आणि भरलेली बादली पुन्हा त्याच नळासमोर नेऊन ठेवायची, असा हा उद्योग बरेच दिवस चालला होता. बरं, टँकरच्या पाण्यात जंतू मारायचं औषध जास्त. त्याला खरोखरच वास यायचा. त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं. पाणीबाईनं एकदा विचारलंही होतं की मग ते कसं पिता? तेव्हा सगळ्या म्हणाल्या होत्या, त्याचं वेगळं. पाणीबाईनं त्यावर खूप विचार केला आणि ठरवलं की जुन्या पाइपांमधून येताना औषधाला वेगळाच वास चढत असेल.

दुभाषी ही काही शिकलीसवरलेली दुभाषी नव्हे. लढाईच्या आधी ती औषधाच्या दुकानात काउंटरवर उभी राहायची. ती परकी भाषा ती औषधांच्या खोक्यांत घडी घालून ठेवलेल्या कागदांवरून शिकली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की कागद उलगडायचा, ओळीवर बोट ठेवून वाचायचा आणि मालकाला विचारून विचारून त्याचं डोकं खायचं. त्यामुळे तिची ती भाषा अजूनही जराशी आजारीच आहे. पहिल्या भेटीत पाणीबाईला, आपण आलात आनंद झाला, असं सांगायचं होतं. ती म्हणाली, आपल्या येण्यानं आराम पडला. बाई इतकी हसली की नोकरी तिथंच पक्की झाली. गल्लीतल्या बायका तिला पोपट म्हणत, तोंडावर आणि प्रेमानं. ए पोपटा, सांग तुझ्या बाईला, टँकरवाला नळी सोडतो की पायावर मुततो ते विचार. दुभाषी ते पलीकडे नेताना, पाणी जरा जपून सोडावं अशी विनंती आहे, असं करून न्यायची. यात एक सुख होतं. बोलणारी एक, ऐकणारी दुसरी, आपण मधली खिडकी. खिडकीला कुणी विचारत नाही की बाई गं, तुझं काय म्हणणं आहे. वर्षभर बोलून बोलून घसा बसायचा आणि त्यात स्वतःचं एक वाक्य नसायचं. हे तिला बरं पडत होतं.

पाणीबाईनं नळी उन्हात धरली. हे रोजचं. नळीत पाणी घ्यायचं, त्यात बारकी पांढरी गोळी टाकायची, हलवायचं. पाण्यात औषध असेल तर ते गुलाबी होतं, जितकं औषध तितका रंग गडद. सुरुवातीच्या दिवसांत तो रंग लहान मुलीच्या फ्रॉकसारखा भडक असायचा आणि दुभाषीला ते बघायला मनापासून आवडायचं. लढाईत जळून, पडून, धुरकटून सगळं गाव एका रंगाचं झालेलं, त्यात ही बोटभर नळी. मग वासाच्या तक्रारी सुरू झाल्या. पाणीबाई चांगली बाई. पोटतिडकीनं काम करणारी, कातडी सोलून निघाली तरी उन्हात उभी राहणारी. तिनं औषध थोडं कमी केलं. बायका म्हणाल्या, येतो. तिनं आणखी कमी केलं. तरी येतो. फ्रॉक धुवून धुवून विटावा तसा तो गुलाबी रंग विटत गेला. आज नळी उन्हात धरली तेव्हा पाणी गुलाबी आहे की मागच्या भिंतीचा लालसर रंग त्यात पडलाय, हे सांगणं कठीण होतं. पाणीबाई म्हणाली, आहे अजून, थोडं आहे. आणि मग तिनं सांगितलं की सोमवारपासून टँकर बंद. वरच्या भागात लोकांना अजून नळच नाहीत, टँकर तिकडे हवा आहे. इथं पंप दुरुस्त केला, पाइप जोडले, पाणी घरात आणून दिलं. दुभाषीनं मान डोलावली. हे बायकांना शाळेच्या व्हरांड्यात जमवून सांगायचं होतं, आणि अर्थातच सांगायचं होतं तिनंच.

घरी जाताना ती काकूच्या नाकाचाच विचार करत होती. पाण्याला वास नाही हे दुभाषीला काय माहीत नव्हतं? ती स्वतः घरच्या नळाचंच पाणी पीत होती, आणि गल्लीत तेवढं एकच घर तसं पीत होतं. पंपवाल्याच्या घरानं पंपाचं पाणी प्यायचं नाही तर कुणी प्यायचं? तिचा नवरा पंपवाला. लढाईच्या आधीही तोच, लढाईतही तोच, आणि आता मदतसंस्थेनं पंप दुरुस्त केल्यावरही तोच, कारण त्या जुन्या पंपाचे रुसवेफुगवे दुसऱ्या कुणाला झेपत नाहीत. संध्याकाळी घरी आला की तो हातपाय धुतो, चहाचा कप घेतो आणि विचारतो, "आज भरलं का गं कुणी नळावर?" दुकानदाराच्या बायकोनं नवऱ्याला धंद्याचं विचारावं, तसं हे उलटं. ती म्हणते, हो, दोघी-तिघी होत्या. तो म्हणतो, वाढतील हळूहळू. तिला माहीत आहे की त्याला माहीत आहे. लग्नाला इतकी वर्षं झाली की खोट्याचीही भांडी एकमेकांच्या जागेवर बरोबर लागतात.

ज्या गोष्टीबद्दल ते बोलत नाहीत ती अगदी साधी आहे. लढाईत पंपघर बंदूकवाल्यांच्या ताब्यात गेलं. त्यांना नदीपलीकडच्या लोकांना तहानेनं टेकीला आणायचं होतं, म्हणून पाणी बंद करायचं ठरलं. पाइप एकच, पलीकडचं बंद केलं की अलीकडचंही बंद. अशा हुशारीवर लढाया चालतात. बंद करायचं चाक कुणाच्याही हातानं फिरत नाही, ते अर्धं उलटं घेऊन मग सुलटं फिरवावं लागतं. म्हणजे ते त्यानंच फिरवलं. गल्लीतले डबे-बादल्या आटल्या. पुरुष बाहेर दिसला की गोळी, हे तोवर सगळ्यांना कळलेलं. बायकांना कोण काय करतंय, असा हिशेब घराघरात झाला, आणि बायका बादल्या घेऊन नदीवर गेल्या. पलीकडच्या काठावरून पाहणाऱ्यांनी तसा हिशेब केलेला नव्हता. तेव्हापासून गल्लीत नदी हा शब्द कुणी वापरत नाही. खाली म्हणतात. घरातलं पाणी संपल्यावर दुभाषीची सासू खाली गेली होती. दुभाषी स्वतःही खाली गेली, पण ती परत आली. काकूची लेक, एका पोरीची आई, नवऱ्याचं पटेना म्हणून माहेरी येऊन राहिलेली, मशीनवर कपडे शिवणारी, मोठ्यानं हसणारी. ती खाली गेली.

चाक फिरवताना नवऱ्याच्या कानाला बंदूक लावली होती का? हे दुभाषीनं कधी विचारलं नाही. सुरुवातीला वाटायचं, तो आपणहून सांगेल. मग वाटायला लागलं, न सांगितलेलं बरं. बंदूक होती असंच ती धरून चालली होती आणि बहुतेक ती असणारच. पण त्या बंदुकीच्या आधीची एक संध्याकाळ होती. तो घरी आला, चप्पल काढता काढता म्हणाला, "पाणी भरून ठेव." पंपवाल्याच्या घरात हे वाक्य इतकं नेहमीचं की त्यावर कुणी मान वर करून बघतही नाही. कधी वीज जायची असते, कधी टाकी धुवायची असते. तिनं भरलं. आणि अशा वेळी एरवी ती काय करायची, तर दारात उभी राहून आरोळी ठोकायची, "काकू, भरून ठेवा हो, उद्या यायचं नाही!" काकू ती पुढच्या घराला द्यायची, पुढचं घर त्याच्या पुढच्याला, आणि गल्लीच्या टोकापर्यंत ती हाक पाण्याच्याही आधी पोचायची. पंपवाल्याच्या बायकोची आरोळी म्हणजे गल्लीचं वेळापत्रक होतं. छापलेलं वेळापत्रक चुकायचं, आरोळी नाही.

त्या संध्याकाळी तिनं आरोळी दिली नाही. काकूशी बोलणं बंद होतं. मोरीवरून. तिच्या मोरीचं सांडपाणी उतारानं वाहत काकूच्या दारापुढे जाऊन साचायचं. काकू म्हणाली होती, तुझ्या घरचं पाणी माझ्या उंबऱ्याला नको. आणि तिनं तोंड वर करून उत्तर दिलं होतं, मग उंबरा उचलून घ्या. दोघींना मनातून हसू आलं होतं. आणखी चार दिवसांनी काकूनं काहीतरी निमित्त काढलं असतं, वाटीभर साखर मागितली असती, की मिटलं असतं. तेवढे दिवस मिळाले नाहीत. तिनं मनात म्हटलं, राहू दे, एक दिवस नाही आलं पाणी तर काय होतंय, जरा कळू दे आरोळीची किंमत. आणि पातेली, कुकर, फुलदाणीसुद्धा भरून ठेवली. भरताना एका जागी मात्र ती थबकली होती, हे तिला आठवतं. नवरा दारात उभा होता आणि म्हणाला होता, "सगळी भर. लहानसुद्धा." त्याच्या आवाजात काही वेगळं होतं का? होतं असं आता वाटतं. पण आता कशातही काहीही वाटतं. नळाखाली चहाची गाळणी धरली तरी त्यात काहीतरी अडकेल असं वाटतं.

दोन-तीन दिवस गेले असतील. दुपारी चिमणी अंगणात आली. चिमणी म्हणजे काकूची नात, त्या लेकीची पोर. शाळेत जायच्या वयाची झाली आहे, पण शाळेच्या अर्ध्या खोल्यांत अजून लोक राहतात. चिमणीला घराघरांतले रागलोभ ठाऊक नाहीत. तिला एवढंच ठाऊक की दुभाषीच्या अंगणातला नळ तिच्या उंचीला बरोबर येतो. ती आली, दोन्ही हातांनी तोटी धरली, तोंड लावलं आणि वासरासारखी गटागटा प्यायली. मग ओल्या हनुवटीनं म्हणाली, "तुझ्या नळाचं पाणी गार आहे. टँकरचं कोमट असतं." दुभाषी कपडे वाळत घालत होती. तिला इतकं बरं वाटलं की ती दोरीला धरून उभीच राहिली. गल्लीतलं कुणीतरी त्याच्या हातचं पाणी प्यायलं. आज तो विचारेल तेव्हा खरं सांगता येईल. आणि त्याच पावली दुसरा विचार आला, नळीतल्या त्या विटलेल्या रंगाचा. तोवर चिमणी उड्या मारत गेली होती.

दुसऱ्या दिवशी चिमणीला जुलाब आणि उलट्या. गल्लीतून बातमी कानावर आली तेव्हा दुभाषी पाणीबाईबरोबर नळांवर फिरत होती. पिशवीतली एक नळी आणि गोळी तिनं न विचारता उचलली, घरी आली, स्वतःच्या नळाचं पाणी त्यात घेतलं, गोळी टाकली, हलवलं, दारात उजेडाला धरलं. गोळी विरघळून गेली. पाणी पाण्यासारखंच राहिलं. तिनं अजून हलवलं, जसं काही हलवण्यात कसूर झाली होती. गल्लीचं तिचं टोक शेवटचं. वाटेतल्या फुटक्या जोडांतून येता येता जे काय उरलंसुरलं औषध होतं तेही संपत होतं. मग तिनं टँकरचं पाणी उकळलं, दुकानातल्या जुन्या सवयीनं मीठ-साखरेची पुडी त्यात नीट ढवळली, आणि लढाईनंतर पहिल्यांदा समोरचं दार वाजवलं. वर्षभर त्या दोघी रोज बोलत होत्या, रांगेत, नळावर, अगदी गोडीनं. वासाबद्दल, टँकरबद्दल, उन्हाबद्दल. दार मात्र वाजवलं नव्हतं.

काकूनं दार उघडलं, तांब्याकडे बघितलं. "उकळलंय," दुभाषी म्हणाली. "टँकरचं आहे. थोडं थोडं द्या, चमच्यानं." काकूनं घेतलं. आत चिमणी चटईवर कुशीला वळून पडली होती आणि तिच्या मागे कोपऱ्यात शिवणाचं मशीन झाकून ठेवलेलं होतं. काकू म्हणाली की कुठं काय प्यायली कळत नाही, मी तर एक थेंब बाहेरचा देत नाही. खोटं बोलायला अगदी सोपी जागा होती. दुभाषी म्हणाली, माझ्या अंगणात. तोटीला तोंड लावून प्यायली. काकूनं तांब्या दुसऱ्या हातात घेतला. मग म्हणाली, "पोर आहे. तिला काय कळतंय." हे तिनं कुणाच्या बाजूनं म्हटलं ते कळलं नाही. मग ती दुभाषीच्या खांद्यावरून पलीकडे, गल्लीच्या उताराकडे बघत राहिली. "तुझ्या मोरीचं पाणी आता इकडं येत नाही."

"नाही. ह्यांनी चर खणून दिलाय, मागच्या बाजूनं."

"त्या दिवशी आलं होतं," काकू म्हणाली, आणि दार लोटून घेतलं. आपटलं नाही, कडीही लावली नाही. नुसतं लोटलं.

दुभाषी स्वतःच्या दारापर्यंत आली आणि तिथल्या पायरीवर बसली. हो, आलं होतं. पाणी बंद झाल्यावर दुसऱ्या सकाळी तिनं धुणं धुतलं होतं. भरलेल्या घरात भरलेपण दिसत नाही. तिला वाटलं होतं, संध्याकाळपर्यंत येईलच. साबणाचा फेस चढलेलं ते पाणी उतारानं गेलं होतं, आणि समोरच्या घरात, जिथं प्यायला घोट नव्हता, कुणीतरी उंबऱ्यातून ते जाताना पाहिलं होतं. गल्लीतले सगळे नळ कोरडे, आणि हिच्या मोरीला पाणी. म्हणजे काकूला पहिल्यापासून माहीत होतं, पंपवाल्याच्या घरी आधी कळलं होतं ते. आणि वर्षभर ती रोज कानाशी येऊन सांगत होती की पाण्याला वास येतो. दुभाषीला वाटलं होतं, आपण खिडकी आहोत, आपल्यातून नुसतं पलीकडचं दिसतं. खिडकीत आपलंही तोंड दिसतं, मागे अंधार असला की.

ती तशीच उठून पाणीबाईकडे गेली. तिच्या त्या आजारी भाषेत तिनं सांगितलं की टोकाच्या नळाला रंग येत नाही, एक मूल आजारी पडलंय, औषध वाढवा. पाणीबाईचं तोंड उतरलं. तिनं खुर्ची ओढून दिली. म्हणाली, मलाही ते माहीत आहे, मलाही झोप नाही. पण मी काय करू? औषध वाढवलं की वास वाढणार. सोमवारी टँकर गेला की ही माणसं वासाच्या पाण्यापेक्षा नदीवर जातील. नदीत काय काय आहे तू बघितलंयस. स्वच्छ पाणी कुणी प्यायलंच नाही, तर ते स्वच्छ असून काय उपयोग? वास आधी जायला हवा. मग हळूहळू वाढवू. तिच्या बोलण्यात कुठंही चूक नव्हती. शर्टाचं पहिलंच बटण चुकीच्या काजात घातलं की पुढची सगळी कशी बरोबर लागत जातात, तसं होतं ते. दुभाषीनं तोंड उघडलं. एक वाक्य होतं. वास नाही, कारण दुसरं आहे. मग ती विचारणार, कारण काय? आणि मदतसंस्थेचा नियम गल्लीला समजावून सांगितला होता तो दुभाषीनंच, व्हरांड्यात उभं राहून, खणखणीत आवाजात: बंदूकवाल्यांच्या कामी जो आला त्याला संस्थेत काम नाही, आणि त्याचं नाव चौकशीला जाईल. चौकशीला गेलेला गल्लीतल्या एकीचा भाऊ अजून परत आलेला नाही. तिनं तोंड मिटलं. पाणीबाईनं तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, तू खूप मनाला लावून घेतेस.

संध्याकाळी नवऱ्यानं कप उचलला आणि विचारलं, आज भरलं का कुणी? ती म्हणाली, चिमणी प्यायली. त्याचे डोळे असे उजळले की पुढचं सांगणं जिवावर आलं. तरी सांगितलं. त्यानं कप खाली ठेवला, मग उचलून घासायला नेला, चहा अर्धा होता. मोरीत पाठमोरा उभा राहून तो कप बराच वेळ घासत राहिला. ती म्हणाली, "अहो, तुम्हाला आदल्या दिवशीच..." तो थांबला. पाणी वाहत होतं. त्यानं तोटी बंद केली, घट्ट, लागते त्याहून घट्ट, आणि तसाच उभा राहिला, आता ती विचारेल म्हणून. म्हणजे तो तयार होता. कदाचित वर्षभर तयार होता. तयार नव्हती ती. ती म्हणाली, "आदल्या दिवशीचा भात आहे, चालेल ना?" तो म्हणाला, चालेल.

रविवारी व्हरांड्यात बायका जमल्या. चिमणी उठून बसण्याइतकी बरी झाली होती, पण डोळे अजून खोल गेलेले. काकूच्या मांडीत पाय पोटाशी घेऊन बसली होती. पाणीबाई बोलली, दुभाषीनं सांगितलं. उद्यापासून टँकर नाही. गलका झाला. पोपटा, हे तुझ्या बाईला शोभत नाही. पोपटा, आम्ही काय चाटायचं? पाणीबाईनं हात वर केला आणि अगदी मनापासून सांगितलं की तुमच्या तक्रारीची मी दखल घेतली आहे. औषध बरंच कमी केलंय. अजूनही वास येत असेल तर सांगा, उरलेलंही काही दिवस बंद ठेवते. दुभाषीनं ते सांगितलं. सांगताना आपला आवाज कुठून येतोय असं तिला झालं. मग मागून कुणीतरी म्हणालं, येतो. दुसरी म्हणाली, येतोच. ते पुन्हा रांगेसारखं पुढे पुढे सरकायला लागलं, या ओळीतून त्या ओळीत. पाणीबाईनं दुभाषीकडे पाहिलं, काय म्हणतात? दुभाषीच्या तोंडात ते दोन शब्द आयते होते, वर्षभर वापरून गुळगुळीत झालेले. ती पाणीबाईकडे बघत राहिली, मग चिमणीकडे. "नाही सांगत मी," ती म्हणाली, आपल्या भाषेत, बायकांना. "हे मी आज सांगणार नाही."

कुणाला काही कळलं नाही. पाणीबाईला तर नाहीच. एक जण हसली, पोपटाची वाचा गेली म्हणून.

"बरोबर आहे," काकू म्हणाली. ती उठली नाही, मांडीतली पोर हलेल म्हणून बसूनच बोलली. "ते सांगूच नकोस. पाण्याला वास नाही, असं सांग. नव्हताच कधी. तुझ्या नवऱ्यानं पाणी बंद केलं होतं, म्हणून आम्ही त्याच्या नळाचं घेत नाही, असं सांग तिला. आणि औषध होतं तेवढं पुन्हा घालायला सांग."

"काकू, कशाला आता," मागची म्हणाली.

"तू गप्प बस गं. तुझ्या घरात लहान मूल नाही."

दुभाषीनं पाणीबाईकडे वळून सांगायला सुरुवात केली. खोक्यांतल्या कागदांवर तिला हवे ते शब्द कधी आले नव्हते, ते शोधत शोधत, एकेक. पाण्याला वास नाही. पाणी माझ्या नवऱ्यानं बंद केलं होतं. आदल्या दिवशीपासून त्याला माहीत होतं आणि माझ्या घरी पाणी होतं. शेवटचं वाक्य काकूनं सांगितलेलं नव्हतं. पाणीबाईनं वही मिटली, तिच्या तोंडावर काय आलं ते बघायला दुभाषी थांबली नाही. तिनं खाली मान घातली आणि औषधाचंही सांगून टाकलं.

"झालं सांगून?" काकूनं विचारलं.

दुभाषीनं होकारार्थी मान डोलावली.

"मग आता पुढचं सांग. नळ त्यानं बंद केला. नदीवर त्यानं नाही धाडलं कुणाला. बायकांना कोण मारतंय, असं म्हणून आम्ही धाडलं, ज्यानं त्यानं आपापल्या घरातलं. माझ्या लेकीच्या हातात बादली मी दिली. ती नको म्हणत होती."